घरखर्चाची वही : अनोळखी नावाची ओळ

एलूल महिना लागला की आपल्या घरोघरी पहाटेच्या सेलिहोथची लगबग सुरू होते आणि नव्याच्या सणाचे वेध लागतात. याच महिन्यात सरत्या वर्षाचा जमाखर्च मनाशी मांडण्याची आपली जुनी रीत आहे. हिब्रूत तिला हेशबोन नेफेश म्हणतात. या सदरात आम्ही आत्म्याच्या नव्हे, तर घराच्या जमाखर्चाविषयी लिहीत असतो. परंतु 2025 सालच्या एलूलच्या तोंडावर हे दोन्ही हिशेब आमच्या घरी एकाच कागदावर येऊन मिळाले, आणि त्यांतील एक आम्ही साफ चुकलो. ती हकीकत सांगितल्यावाचून नुसती माहिती देणे आम्हांस अप्रामाणिकपणाचे वाटते. म्हणून आधी हकीकत आणि मग माहिती.

आमची थोरली बहीण दिमोना येथे राहते. वय 82. मेहुणे निवर्तल्यानंतर ती एकटीच असे. पुढे गुडघ्यांनी दगा दिला, तेव्हा त्या वर्षीच्या पेसाहच्या आधी केरळची एक बाई तिच्या सोबतीस व सेवेस येऊन राहिली. बाई अबोल, पण कामाला चोख. बहिणीला ती अम्मा म्हणे, आणि दोघींचे संभाषण मोडक्या हिब्रूत व खाणाखुणांनी उत्तम चाले.

बहिणीच्या क्रेडिट कार्डाचे मासिक विवरण आमचा भाचा पाहत असे. म्हणजे काय, तर तळाची बेरीज पाहून कागद खणात टाकीत असे. एकदा ऑगस्टमध्ये त्याने मागचे कागद सहज चाळले, तेव्हा त्याला चार ओळी अशा दिसल्या की ज्यांचा अर्थ लागेना. नाव रोमन लिपीत, कधी न ऐकलेले. रकमा 36, 35, 34 आणि 33 शेकेल, वर काही अगोरोत. बहिणीला विचारले तर ती म्हणाली, “अरे, मी कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जात नाही, परदेशातून काय मागवणार?” कार्ड स्वयंपाकघरातील खणात, चहाच्या डब्याशेजारी पडलेले असे. आणि पहिली ओळ नेमकी त्या बाईच्या येण्यानंतरच्या पंधरवड्यातली.

आम्ही मुद्दाम दिमोनाला गेलो. टेबलावर कागद पसरले. रक्कम दर खेपेस निराळी, म्हणजे कोणी तरी थोडेथोडे काढीत आहे, असा तर्क आम्हीच केला. आम्हीच भाच्यास म्हणालो, “बाई नवी, कार्ड उघड्यावर; यापुढे काय समजायचे ते तू समज.” मराठी तिला येत नाही, या भरवशावर आम्ही आवाजही खाली आणला नव्हता. पण आपले नाव कोणाला कळत नाही? आत भांडी घासण्याचा आवाज थांबला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चहाला बसलो, तेव्हा टेबलावर घराच्या किल्ल्या, बाजाराचे पाकीट आणि दुकानाच्या पावत्यांची एक चळत ठेवलेली होती. आल्या दिवसापासूनची प्रत्येक पावती तारखेवार लावून, वर पीन टोचलेली. बाई काही बोलली नाही. आम्हीही काही बोललो नाही. पण त्या पावत्यांकडे पाहिल्यावर आम्हांस प्रथमच वाटले की, जो कागद आपण एवढ्या तावातावाने पसरला आहे, तो आपण अजून नीट वाचलेलाच नाही.

मग वाचला. परदेशी व्यवहारांची यादी विवरणात निराळी दिलेली असते व तीत मूळ चलनाचा एक स्वतंत्र रकाना असतो. त्या रकान्यात चारही ओळींपुढे एकच आकडा होता : 9.99 डॉलर. शेकेलची रक्कम बदलत होती ती चोराच्या हाताने नव्हे, डॉलरच्या भावाने. तारीखही चारही वेळा 23. चोर काही पंचांग पाहून दर महिन्याच्या 23 तारखेस चोरी करीत नाही; असे नियमित वागणे वर्गणीचे असते. पहिली ओळ 23 एप्रिलची. तिच्या सात दिवस आधी, म्हणजे 16 एप्रिलला, पेसाहच्या मधल्या दिवसांत सारे कुटुंब बहिणीच्या घरी जमले होते. त्या दिवशी धाकट्या नातवाने आजीला मराठी मालिका पाहता याव्यात म्हणून तिच्या मोबाईलवर एक ॲप घालून दिले होते. सात दिवस फुकट, पुढे पैसे. “आजी, कार्ड दे,” म्हणाला, आणि आजीने स्वतःच्या हाताने खणातून काढून दिले. दोघेही विसरले. मालिका मात्र बहीण रोज दुपारी पाहत होती, आणि शेजारी बसून ती बाईही.

एकूण नुकसान सुमारे 140 शेकेलचे. पण त्या रकमेपायी एका निरपराध बाईची नोकरी जाण्याची वेळ आली होती, आणि परक्या देशातून सेवेसाठी येथे आलेल्यांचा वास्तव्याचा परवानाही त्या नोकरीवरच अवलंबून असतो. परक्या देशात नव्याने आल्यावर आपल्याकडे संशयाने पाहिले जाणे म्हणजे काय, हे आपल्या वडीलधाऱ्यांनी याच दिमोनात आणि बेरशेबात अनुभवले आहे. तेच आम्ही दुसऱ्याच्या वाट्यास घालावयास निघालो होतो.

असो. आता माहितीकडे वळू.

मुंबईत मांडवीच्या इस्राएल मोहल्ल्यात ज्यांचे बालपण गेले, त्यांस वाण्याची वही आठवत असेल. महिनाअखेर आई ती उघडून ओळ न् ओळ वाची. “हे अर्धा शेर तेल आम्ही केव्हा नेले?” असे विचारण्यास वाणी समोर उभा असे, आणि चूक असेल तर तो त्याच पेन्सिलीने ओळ खोडी. आज वही आपल्याकडे येते, पण लिहिणारा समोर नसतो आणि त्याचे खरे नावही आपल्या ओळखीचे नसते. अनोळखी ओळीचे पहिले व सर्वांत सामान्य कारण हेच. दुकानाच्या पाटीवर एक नाव असते, तर विवरणात त्याच्या मालकीच्या कंपनीचे नोंदलेले नाव छापले जाते. मोबाईलवरून घेतलेल्या गोष्टींत तर मध्यस्थाचेच नाव येते. ॲपलच्या फोनवरून घेतलेली कोणतीही वर्गणी विवरणात ॲपल डॉट कॉम व पुढे बिल या शब्दांनी दिसते, मग ती संगीताची असो वा व्यायामाची. गूगलमार्फत घेतलेल्या वर्गणीच्या नावाआधी गूगल, आणि पेपालमार्फत दिलेल्या पैशाआधी पेपाल असे छापलेले असते. नाव ओळखीचे नाही, एवढ्यावरून चोरी झाली असे होत नाही.

दुसरे कारण तारखांचे. कार्डाची रक्कम महिन्यातून एकदा, बहुतेकांची 2, 10 किंवा 15 तारखेस, बँकेच्या खात्यातून जाते. व्यवहार मात्र त्याआधी कित्येक दिवस झालेला असतो. सबब व्यवहाराची तारीख व वसुलीची तारीख हे दोन रकाने वेगवेगळे वाचावेत. तिसरे कारण भाषेचे, आणि आपल्या वडील मंडळींची अडचण येथेच अधिक. म्हणून विवरणातील काही हिब्रू शब्द येथे देतो. होराअत केवा म्हणजे आपण एकदा दिलेली कायमची परवानगी, जिच्या आधारे दर महिन्यास पैसे आपोआप जातात. वर्गणी बहुधा याच शब्दांखाली सापडते. तश्लूमीम म्हणजे हप्ते. तेथे दहापैकी तिसरा असा उल्लेख असतो, आणि असे हप्ते आपोआप संपतात, वर्गणी संपत नाही. झिकुई म्हणजे परत जमा झालेली रक्कम. दमे कार्तिस म्हणजे खुद्द कार्डाचे शुल्क. पहिले वर्ष ते माफ असले व पुढे सुरू झाले, तर ही ओळही अनोळखी वाटते.

ओळ ओळखण्याची रीत आम्ही आता अशी ठेवली आहे. प्रथम मागील तीनचार महिन्यांची विवरणे शेजारी शेजारी मांडावीत. तीच ओळ ठरावीक अंतराने येत असेल तर ती वर्गणी. एकदाच आली असेल तर खरेदी किंवा खरोखरीची फसवणूक. परदेशी ओळ असल्यास मूळ चलनातील रक्कम पाहावी. मग पहिली ओळ ज्या तारखेची, तिच्या सात, चौदा आणि तीस दिवस आधी घरात काय घडले ते आठवावे. फुकट दिवसांची मुदत बहुधा अशीच असते. वर्षाची वर्गणी असेल तर बारा महिने मागे जावे लागते, आणि नेमकी तीच सर्वांत अधिक विसरली जाते. त्यानंतर ई-मेलमध्ये ती रक्कम किंवा ते नाव शोधावे. पावती बहुधा तेथे निघते. मोबाईलमध्येही पाहावे. ॲपलच्या फोनवर सेटिंग्जमध्ये सर्वांत वर आपले नाव असते, त्यात वर्गण्यांची यादी असते. अँड्रॉइड फोनवर प्ले स्टोअरमध्ये आपल्या चित्रावर बोट ठेवले की पैसे व वर्गण्या यांचा विभाग निघतो. येथे एक गोष्ट नीट ध्यानी धरावी : ॲप फोनवरून काढून टाकल्याने वर्गणी बंद होत नाही. दुकानाकडे पाठ फिरवली म्हणून वाण्याची उधारी मिटत नसे, तसेच हे.

एवढे करूनही उलगडा झाला नाही तर घरातील सर्वांना विचारावे; पण “कोणी काढले?” असे नव्हे, तर “हे कशाचे असेल?” असे. पहिल्या प्रश्नाला कोणीही उत्तर देत नाही. लहान मुले भीतीने गप्प बसतात आणि वृद्ध लाजेने. आपल्यातील किती तरी वडील मंडळी असा खर्च पाहूनही मुलांना सांगत नाहीत. आपल्याला आता काही कळत नाही असे मुले म्हणतील, फोन आणि कार्ड दोन्ही काढून घेतील, ही धास्ती त्यांना असते. मुलांनो, ही धास्ती तुमच्याच स्वराने निर्माण झालेली असते. त्या चार ओळी आमच्या बहिणीने वास्तविक आधीच पाहिल्या होत्या, हे तिने आम्हांस नंतर सांगितले. विचारण्याचा संकोच वाटला म्हणून ती गप्प राहिली, आणि तिच्या गप्प राहण्याचा भार दुसरीवर पडला.

तरीही ओळ अनोळखीच राहिली, तर कार्डाच्या पाठीवर छापलेल्या क्रमांकावर कार्ड कंपनीस फोन करावा. पैसे घेणाऱ्याचे पूर्ण नाव, तसेच व्यवहार कार्ड दाखवून झाला की दूरवरून, हे विचारावे. येथे वाट दुभंगते, आणि कोणती वाट आपली हे प्रामाणिकपणे ठरवावे लागते.

व्यवहार आपण किंवा आपल्या परवानगीने कोणीही केलेला नसेल, तर ती फसवणूक आहे. कार्ड त्याच क्षणी बंद करण्यास सांगावे आणि तो व्यवहार आपला नसल्याचे कळवावे. यास हखहाशत इस्का म्हणतात. 1986 च्या जुन्या कार्डविषयक कायद्याच्या जागी 2019 साली देय सेवांचा नवा कायदा मंजूर झाला. परवानगीवाचून झालेल्या वापराबाबत ग्राहकाची जबाबदारी त्यात मर्यादित केलेली आहे. मात्र कळल्यावर विलंब न लावता कळवणे हे आपले काम.

परंतु वर्गणी आपणच घेऊन विसरलो असू, तर व्यवहार माझा नाही असे म्हणणे खोटे ठरेल. खरे वजन व खरे माप ठेवण्याची आज्ञा तोरात आहे, ती केवळ दुकानदारासाठी नाही. अशा वेळी वर्गणी घेणाऱ्याकडेच ती बंद करण्याची सूचना द्यावी. 1981 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे, चालू राहणारा व्यवहार बंद करण्याची सूचना ग्राहकाने दिली की तो कामाच्या तीन दिवसांत संपला पाहिजे. सूचना नोंदणीकृत टपालाने दिली असेल तर सहा दिवसांत. दूरध्वनीवर तोंडी सांगितले तरी चालते, तथापि आमचा आग्रह ई-मेलचा, कारण लेखी पुरावा हाती राहतो. तारीख, वेळ व बोलणाऱ्याचे नाव टिपून ठेवावे. सूचना दिल्यावरही कोणी पैसे घेत राहिला, तर लहान दाव्यांच्या न्यायालयात जाता येते; नुकसानीचा पुरावा न देताही 10,000 शेकेलपर्यंत भरपाई ठरवण्याचा अधिकार न्यायालयास आहे.

फोनवरून गळ घालून माथी मारलेल्या वर्गण्यांबाबत आपल्या वाचकांस आणखी एक आधार आहे. दूरवरून केलेला व्यवहार सामान्यतः 14 दिवसांच्या आत रद्द करता येतो. परंतु ग्राहक 65 वर्षे वा त्याहून अधिक वयाचा असेल, अपंग असेल, किंवा ओले म्हणून येऊन त्यास पाच वर्षे झाली नसतील, आणि व्यवहार ठरताना विक्रेत्याशी त्याचे संभाषण झाले असेल, तर ही मुदत चार महिने आहे. भाषा न कळता फोनवर “केन, केन” म्हणत राहणाऱ्यांसाठीच जणू हे कलम लिहिले आहे. ज्यांचे आईवडील या वर्णनात बसतात, त्यांनी ते लक्षात ठेवावे. परदेशी कंपन्यांपुढे या कायद्याचा धाक कमी पडतो, हेही खरे. तेथे फोनमधील यादीतून वर्गणी थांबवणे हाच जवळचा मार्ग.

दोन सूचना शेवटी. नुसती कार्ड कंपनीस सांगून वसुली थांबवली, तर करार संपत नाही. पलीकडे थकबाकी वाढत राहते व एके दिवशी वकिलाचे पत्र येते. म्हणून आधी वर्गणी बंद, मग वसुली बंद. तसेच कार्ड बदलले की जुन्या वर्गण्या गळून पडतील असे समजू नये; पुष्कळदा त्या नव्या कार्डाच्या मागोमाग येतात. दुसरी सूचना त्याहून महत्त्वाची. या भीतीवर जगणारे ठकही आहेत. तुमच्या कार्डावर अनोळखी खर्च दिसतो आहे, येथे दाबा, असा संदेश आला किंवा कोणी फोनवर आकडे विचारले, तर काहीही न दाबता व न सांगता फोन ठेवावा, आणि कार्डाच्या पाठीवरील क्रमांक स्वतः फिरवावा. मोबाईलवर येणारा गुप्त आकडा कोणाही खऱ्या अधिकाऱ्यास लागत नाही.

आता उरलेली हकीकत. वर्गणी बंद करण्यास पाच मिनिटेही लागली नाहीत. शेवटच्या महिन्याची रक्कम परत मिळाली, बाकीची गेली. त्यापुढचे काम मात्र अवघड होते. ज्या दिवसाला आपले वाडवडील दारफळणीचा सण म्हणत, त्या योम किप्पूरला देव आपल्याविरुद्ध केलेले अपराध क्षमा करतो. परंतु माणसाने माणसाविरुद्ध केलेला अपराध, त्या माणसाची समजूत घातल्यावाचून त्या दिवशीही मिटत नाही, असे आपल्या आचार्यांनी सांगून ठेवले आहे. आम्ही व भाचा स्वयंपाकघरात गेलो आणि दोघांनीही तिची क्षमा मागितली. ती काही वेळ ओट्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “अम्माची मालिका बंद केली का?” आम्ही हो म्हणालो. “तिला दुपारी काय दाखवू?” एवढेच तिने विचारले.

त्या संध्याकाळी बहिणीने स्वतः निर्णय दिला. वर्गणी पुन्हा सुरू झाली. या खेपेस सर्वांच्या देखत, कार्ड कोणाचे व तारीख कोणती हे वहीत लिहून. विवरण आता दर महिन्यास टेबलावर येते आणि ओळ न् ओळ मोठ्याने वाचले जाते. वाचते ती बहीण, आणि पावत्या पुढे करते ती बाई.

आमच्या वाचक बंधुभगिनींस विनंती एवढीच की, नव्याच्या सणापूर्वी एक संध्याकाळ या कामास द्यावी. वडील मंडळींनी न लाजता विचारावे आणि मुलांनी न रागावता सांगावे. कागद पुरता वाचून होईपर्यंत कोणाचेही नाव तोंडी आणू नये.

सर्व कुटुंबांस येते वर्ष गोड जावो. शाना तोवा.